नरकासुर अर्धा राहत नाही

नरक चतुर्दशीच्या आदल्या रात्री शांत झोप लागणं आम्हा गोवेकरांच्या नशिबी नसतं. वाड्यावाड्यावर नरकासुर उभे असतात, ध्वनिवर्धक कोकलत असतात. पहाटे त्या बिचाऱ्याला आग लावून पोरं घरी येतात, आंघोळ करतात, कारीट चिरडतात आणि फोवांवर ताव मारतात. त्या गोंगाटाबद्दल माझ्या तक्रारी बऱ्याच आहेत, पण त्या पुन्हा कधीतरी. आज नरकासुराची एक गोष्ट कौतुकाने सांगायची आहे. तो कधी अर्धा राहत नाही. वर्गणी कमी पडू दे, परतीचा पाऊस येऊन कागद भिजू दे, मुखवटा करणारा पोरगा ऐन वेळी तापाने फणफणू दे, ठरलेल्या रात्री तो उभा असतोच. कारण पहाटे त्याला जाळायचा असतो. उद्या करू म्हणायची सोय नाही.

हे सुचायचं कारण माझा भाचा. वयाच्या बाराव्या वर्षापासून हा मुलगा वाड्यावरच्या नरकासुराचा मुख्य कारागीर. त्याने हात लावलेला एकही नरकासुर अर्धा राहिलेला मला आठवत नाही. आणि याच मुलाची अ‍ॅनिमेशनच्या अभ्यासक्रमातली शेवटच्या वर्षाची फिल्म मात्र अर्धीच राहिली. अर्धी कसली, अकरा सेकंदांची झाली. त्याच्या वर्गातल्या बहुतेकांचं थोड्याफार फरकाने असंच झालं, असं त्याने सांगितलं. हातात हुन्नर, अंगात मेहनत, घरात बऱ्यापैकी संगणक आणि भरलेली भली मोठी फी, एवढं सगळं असताना फिल्म का होत नाही, हा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. मी अ‍ॅनिमेशनमधला माणूस नव्हे. पण गोष्ट सांगणं हा माझ्याही आवडीचा विषय, आणि या फिल्मा म्हणजे शेवटी गोष्टीच. म्हणून थोडं वाचलं, बरंच पाहिलं, भाच्याच्या शेजारी रात्री जागवल्या. त्यातून माझं जे मत झालं ते मांडतो.

आधी ती अकरा सेकंद. भाच्याने विषय निवडला होता परशुरामाचा. सह्याद्रीवर उभा राहून परशुराम बाण सोडतो, समुद्र मागे हटतो, गोमंतभूमी वर येते. विषय भव्य, आपल्या मातीतला, संस्थेतले सरही खूश. लांबी ठरली पाच मिनिटं. आता साधा हिशेब बघा. पडद्यावर हालचाल सलग दिसायला सेकंदाला २४ चित्रं लागतात. पाच मिनिटं म्हणजे ३०० सेकंद, म्हणजे ७,२०० चित्रं. संगणकावर आकार, रंग, प्रकाश सगळं रचून झालं की यातलं प्रत्येक चित्र संगणकाला गणित करून तयार करावं लागतं. त्याला रेंडर करणं म्हणतात. समुद्र, फेस, उडणारे तुषार असलेलं एकेक चित्र भाच्याच्या संगणकावर वीस मिनिटं घेत होतं. ७,२०० गुणिले वीस मिनिटं म्हणजे २,४०० तास. दिवसरात्र संगणक चालू ठेवला तरी बरोबर शंभर दिवस! तेही एकही चूक न करता, आणि आमच्या वीजखात्याची कृपा गृहीत धरून.

हा हिशेब पाचवीतल्या मुलाला येईल. पण तो पहिल्या दिवशी कुणी मांडलाच नाही. चार महिने समुद्राच्या लाटा खऱ्या कशा दिसतील यात गेले. परशुरामाच्या जटांचे केस वाऱ्यावर उडवण्यात आणखी एक महिना. बाण सोडताना त्याच्या मनात काय आहे, तो रागावलेला आहे की थकलेला, समुद्र घाबरून मागे जातो की मानाने, याचा विचार करायला वेळ उरला नाही. शेवटी अकरा सेकंदांचा समुद्र 'डेमो रील'मध्ये घातला आणि पदविका मिळाली. समुद्र खरंच छान होता. त्यात गोष्ट मात्र नव्हती.

आता दुसरी एक फिल्म सांगतो. १९८६ साली अमेरिकेत संगणक-चित्रांच्या मोठ्या वार्षिक परिषदेत, सिग्राफमध्ये, जॉन लॅसेटर यांची 'लुक्सो ज्युनिअर' दाखवली गेली. लांबी दोन मिनिटांच्या आसपास. पात्रं दोन, आणि दोन्ही टेबलावरचे दिवे. एक मोठा, एक छोटा. छोटा दिवा चेंडूशी खेळतो, त्यावर उड्या मारतो, चेंडू फुटतो, दिवा हिरमुसतो आणि त्याहून मोठा चेंडू घेऊन पुन्हा येतो. संपली गोष्ट. कॅमेरा जागचा हलत नाही, मागे काळोख. त्यांच्याकडेही वेळ आणि यंत्रं तुटपुंजीच होती, म्हणून त्यांनी गोष्ट यंत्राच्या आवाक्यात आणून बसवली. पिक्सार कंपनीची ही पहिली फिल्म, ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेली.

त्या परिषदेतला एक प्रसंग लॅसेटर यांनी सांगितलेला आहे. फिल्म संपल्यावर जिम ब्लिन हे या क्षेत्रातले नामवंत शास्त्रज्ञ त्यांच्याकडे आले. लॅसेटरना वाटलं, आता हे सावल्यांचं गणित कसं केलं ते विचारणार. ब्लिन यांनी विचारलं, "तो मोठा दिवा आई होता की बाबा?" तंत्रातल्या एवढ्या मोठ्या माणसाला तंत्राऐवजी नात्याबद्दल विचारावंसं वाटलं. विद्यार्थ्यांच्या फिल्मेला दुसरी कुठली परीक्षा लावायची गरज नाही, असं मला वाटतं. फिल्म बघून कुणी "रेंडर किती वेळ चालला?" असं विचारत असेल तर अजून काम बाकी आहे. "म्हातारीने पुढे काय केलं?" असं विचारत असेल तर जमलं.

यावर पालक लगेच म्हणतात, "तिथे पिक्सार, इथे आमची पोरं. तसली महागडी सॉफ्टवेअर कुठून आणणार?" ही सबब एके काळी खरी होती. आता उरलेली नाही. 'ब्लेंडर' नावाचं सॉफ्टवेअर आहे, नेदरलँड्सच्या टॉन रोसेंडाल यांनी उभं केलेलं. ते विकणारी कंपनी २००२ साली बंद पडली, तेव्हा त्यांनी लोकांकडे वर्गणी मागितली. होय, आपण चवथीला मागतो तशी! सात आठवड्यांत एक लाख युरो जमले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात ते सॉफ्टवेअर सगळ्यांसाठी कायमचं खुलं झालं. पुढे त्यावर 'एलिफंट्स ड्रीम' (२००६), 'बिग बक बनी' (२००८) अशा फिल्मा झाल्या आणि त्यांच्या मूळ फायलीसुद्धा लोकांना मोफत दिल्या गेल्या. म्हणजे सशाच्या आत हाडं कुठे बसवलीत, गवतावर ऊन कसं पाडलंय, हे कुणीही फाईल उघडून पाहावं.

आणि अलीकडचं उदाहरण तर सर्वांना ठाऊक आहे. लाटव्हिया या चिमुकल्या देशातल्या गिंट्स झिलबालोडिस यांचा 'फ्लो' (२०२४) हा पूर्ण लांबीचा चित्रपट याच मोफत ब्लेंडरमध्ये झाला आणि मार्च २०२५ मध्ये त्याला सर्वोत्कृष्ट अ‍ॅनिमेशनपटाचं ऑस्कर मिळालं. पुरात सापडलेलं एक मांजर आणि त्याच्याबरोबरचे प्राणी. संवाद एकही नाही. मांजराच्या अंगावरचा केस न् केस दाखवायचा हट्ट नाही. पण ते मांजर पाण्याकडे बघून ज्या क्षणी थबकतं, तो क्षण ज्याने घरात मांजर पाळलंय त्याला लगेच ओळखू येतो. चित्रं रेंडर करायला त्यांनी यंत्रांचे ताफे भाड्याने घेतले नाहीत. याच दिग्दर्शकाने आधी 'अवे' (२०१९) हा चित्रपट एकट्याने केला होता. म्हणजे पैसा आणि यंत्र हे अडसर होते, ते बरेचसे दूर झाले आहेत. आता अडतं ते दुसरीकडे.

कुठे, ते भाच्याच्याच नरकासुरावरून सांगतो. नरकासुर करताना पोरं आधी काय करतात? कागदावर चित्र काढतात. हात वर की कमरेवर, पाय किती फाकलेले, ते ठरवतात. मग लोखंडी सळ्यांचा, लाकडाचा, बांबूचा सांगाडा उभा करतात. सांगाड्यावर सुकं गवत बांधून अंग भरतात. त्यावर खळीने कागद चिकटवतात, रंग देतात, शेवटी दिवे लावतात. आता संगणकातलं बघा. आधी कागदावर प्रसंगांची चित्रं, त्याला स्टोरीबोर्ड म्हणतात. मग आकार, मॉडेलिंग. आत हाडं बसवणं, रिगिंग. वरची कातडी आणि रंग, टेक्स्चर. मग प्रकाशयोजना. क्रम थोडा मागेपुढे, पण कारागिरी तीच. हात वर उचललेला नरकासुर एका अंगाला कलंडू नये म्हणून दुसरा पाय कुठे रोवायचा, हे आमच्या वाड्यावरच्या पोरांना कुणी शिकवावं लागत नाही. वजन म्हणजे काय ते त्यांच्या खांद्यांना ठाऊक असतं.

आणि अ‍ॅनिमेशनमध्ये सगळ्यात अवघड काय, तर हे वजनच. डिस्नेच्या फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन या दोन बुजुर्गांनी १९८१ साली अ‍ॅनिमेशनची बारा तत्त्वं पुस्तकात मांडली. लॅसेटर यांनी १९८७ मध्ये निबंध लिहून दाखवून दिलं की हाताने काढलेल्या चित्रांसाठीची ही तत्त्वं संगणकालाही तशीच लागू आहेत. म्हणून जगभर पहिला धडा असतो चेंडू उडवण्याचा. मी तर म्हणेन, आपल्याकडे पहिला धडा नारळाचा असावा. माडावरून नारळ मातीत कसा पडतो? तो चेंडूसारखा उसळत नाही. धप्प आवाज होतो, जरासा लवंडतो आणि थांबतो. सुकलेलं चुडत मात्र हेलकावे खात, मध्येच अडकत येतं. या दोन वस्तू एकामागून एक पडताना दाखवता आल्या, आणि रंग नसतानाही बघणाऱ्याला ओळखू आल्या, की मुलगा निम्मं शिकला. त्यासाठी आधी माडाखाली उभं राहून बघावं लागतं. (डोकं सांभाळून!)

आमच्याकडे गडबड होते ती इथे. पहिल्या वर्षी चार सॉफ्टवेअर शिकवतात, आणि बघायला शिकवायचा तास वेळापत्रकात नसतो. लोटलीच्या मारियो मिरांडांचं उदाहरण आपल्या घरातलं आहे. तरुणपणी ते रोजनिशी चित्रांत ठेवत. १९४९, १९५० आणि १९५१ सालच्या त्या रोजनिश्या पुढे पुस्तकरूपाने आल्या आहेत. गावातली लग्नं, पाद्री, शेजारीपाजारी, बसमधली गर्दी, सगळं त्यात आहे. पुढच्या आयुष्यात त्यांनी शंभर माणसांची गर्दी काढली तरी त्यातला प्रत्येक माणूस वेगळा दिसतो, त्याचं मूळ या रोजच्या पाहण्यात आहे. अ‍ॅनिमेशन शिकणाऱ्या किती मुलांच्या पिशवीत आज चित्रांची वही असते?

भाचा पदविका घेऊन घरी बसला होता तेव्हा एके दिवशी मला म्हणाला, "मामा, म्हाका एक बरी स्टोरी जाय." मी म्हटलं, स्टोरी माझ्याकडे मागू नकोस. आधी अटी ठरव. दीड मिनिटापेक्षा जास्त नको. पात्रं दोन. जागा एक. समुद्र नको, केस उडायला नकोत. आणि चवथीच्या आधी संपली पाहिजे, कशीही दिसली तरी. तो थोडा नाराज झाला. मग त्यानेच विषय शोधला. त्याची आजी, म्हणजे माझी आई, आदोळीवर बसून नारळ खोवते आणि घरातलं मांजर ओल्या खोबऱ्याच्या आशेने हळूहळू जवळ सरकतं. एवढंच.

एवढंच म्हणालो खरं, पण त्यातून काय काय निघालं! त्याने मोबाईलवर आईचं चित्रण केलं. ("म्हजो फोटो काडूं नाका रे, केंस पळय कशे आसात!") ते चित्रण शंभरदा पाहिल्यावर त्याला एक गोष्ट दिसली, जी मी पन्नास वर्षं समोर असूनही पाहिली नव्हती. आई खोवताना कवडीकडे बघतच नाही. ती ऐकते. पांढरं खोबरं निघत असतं तोवर आवाज मऊ असतो. करवंटी लागायला आली की तो खरखरीत होतो. आवाज बदलला की तिचं मनगट आपोआप कवड थोडीशी फिरवतं. डोळे दारातून बाहेर, रस्त्याने कोण चाललंय तिकडे. भाच्याला फिल्म सापडली ती तिथे. मांजराला वाटतं आजीचं लक्ष नाही. ते एकेक पाऊल पुढे येतं. अगदी परातीशी पोचतं. आणि आजी बाहेरच बघत, मान न वळवता, चिमूटभर खोबरं त्याच्यापुढे ठेवते. तिने मांजराचंही ऐकलेलं असतं.

ऐंशी सेकंद. म्हणजे १,९२० चित्रं. सुरुवातीचे तीन आठवडे संगणक उघडायचा नाही असं ठरलं होतं. कागदावर तीस-पस्तीस चौकटी काढल्या, त्यांचे फोटो घेऊन आवाजाबरोबर एकापुढे एक लावले. याला अ‍ॅनिमॅटिक म्हणतात. म्हणजे फिल्मचा कच्चा आराखडा, ज्यात चित्र हलत नाही पण वेळ कळते. तो घरातल्यांना दाखवला. माझ्या बहिणीला मांजर दुसऱ्यांदा कधी पुढे आलं ते कळलंच नाही. तिथे एक चौकट वाढली. कागदावर ही दुरुस्ती दहा मिनिटांत झाली. सगळं रेंडर करून झाल्यावर कळलं असतं तर दहा दिवस गेले असते. हाताने करायच्या कामात जे शहाणपण आपण सहज वापरतो, आधी मोजा मग कापा, ते संगणकापुढे बसल्यावर का विसरतो कोण जाणे.

फिल्म जवळजवळ पुरी झाल्यावर त्याने ती आजीला दाखवली. आईने चष्मा लावून शांतपणे पाहिली. आम्ही सगळे कौतुकाची वाट बघतोय. ती म्हणाली, गुडघा चुकला. ती डावा पाय दुमडून उजवा गुडघा वर घेऊन बसते, याने उलट दाखवलं होतं. "तशी बसले तर जोर कुठून येणार?" असं विचारून ती उठली. भाच्याने बघितलं, तर खरंच! संपूर्ण अंगाचा तोल त्या गुडघ्यावर होता आणि म्हणूनच त्याच्या पडद्यावरच्या आजीचे खांदे काही केल्या खरे वाटत नव्हते. तीन दिवस बसून त्याने ते सगळं पुन्हा केलं. त्याच्या अभ्यासक्रमात वजनावर जितके तास झाले असतील, त्या सगळ्यांपेक्षा हे एक वाक्य भारी होतं.

मग रेंडर. साध्या पद्धतीची प्रकाशयोजना ठेवल्यामुळे एका चित्राला पंधरा सेकंद लागत होती. १,९२० गुणिले पंधरा, म्हणजे आठ तास. एक रात्र! जुलैचा महिना. रात्री दोन वाजता विजा कडाडल्या आणि वीज गेली. मी कपाळाला हात लावला, पण भाचा शांत होता. त्याने सलग चित्रफीत न करता एकेक चित्र सुटं साठवायला सांगून ठेवलं होतं. वीज आली तेव्हा जिथे थांबलं होतं तिथून पुढे सुरू. असल्या बारीकसारीक युक्त्या मोठमोठ्या व्याख्यानांतून नव्हे तर काम तडीला नेतानाच कळतात. अर्धवट सोडणाऱ्याच्या वाट्याला त्या येतच नाहीत. म्हणून माझा आग्रह आहे की सुंदर अर्ध्या फिल्मपेक्षा ओबडधोबड पूर्ण फिल्मला जास्त गुण द्या. शेवटच्या दहा टक्क्यांत जे शिकायला मिळतं ते आधीच्या नव्वद टक्क्यांत नसतं.

संस्थाचालकांची बाजू मला ठाऊक आहे. पालकांना मुलाची नोकरी हवी असते आणि नोकरी देणारे रील मागतात. हा प्रश्न रास्त आहे, मी त्याची थट्टा करणार नाही. कर्ज काढून फी भरणारी घरं मी पाहिली आहेत. पण नोकरीच्याच दृष्टीने बघा. १९९३ च्या 'जुरासिक पार्क'मधले डायनोसॉर ज्या 'सॉफ्टइमेज'वर चालवले गेले, त्या सॉफ्टवेअरचा गाशा गुंडाळत असल्याचं २०१४ साली जाहीर झालं. वेबवरच्या कार्टूनांसाठी पोरं ज्या 'फ्लॅश'वर जीव ओवाळत, त्याचा प्लेअर २०२० च्या अखेरीस बंद पडला. ज्याला फक्त बटणं माहीत होती त्याचं भांडवल एका घोषणेत बुडालं. ज्याला वजन, वेळ आणि गोष्ट माहीत होती, तो दुसऱ्या सॉफ्टवेअरवर दोन महिन्यांत बसला. संस्थेने काय विकावं हे मी सांगणारा कोण, पण पालकांनी काय विकत घ्यावं हे जरूर सांगेन.

आता तर आणखी एक प्रश्न पुढे आला आहे. शब्दांत वर्णन लिहिलं की हलतं चित्र करून देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधनं आली. भाच्याने गंमत म्हणून नारळ खोवणारी गोव्यातली म्हातारी मागितली. छान, चकचकीत म्हातारी आली. अख्खा नारळ हातात धरून ती त्यावर वरून सुरी फिरवत होती! आम्ही पोट धरून हसलो. पण त्या हसण्यावर विसंबून राहू नये. उद्या ते यंत्र आदोळीही बरोबर दाखवेल, कदाचित गुडघाही. माझा मुद्दा वेगळा आहे. विद्यार्थ्याची फिल्म जगाला हवी असते म्हणून करायची नसते. ती करताना त्याची नजर तयार होते, म्हणून करायची असते. यंत्राकडून फिल्म घेतली असती तर आजी ऐकते हे भाच्याला कधीच कळलं नसतं. मलाही नाही. ज्याच्याकडे अशी नजर आहे तो उद्याचं कुठलंही साधन राबवील. ज्याच्याकडे नाही, तो त्या साधनाने दिलेलं बरोबर की चूक हेसुद्धा सांगू शकणार नाही.

आणि ही नजर आपल्याला परकी आहे का? दादासाहेब फाळक्यांनी १९१५ च्या सुमारास काडेपेटीतल्या काड्या एकेक करून हलवत 'आगकाड्यांची मौज' केली. आपल्या सीमेपलीकडे, कुडाळजवळच्या पिंगुळीत, ठाकर समाजाचे कलावंत पिढ्यानपिढ्या चित्रकथी सांगत आले. एकामागून एक चित्र पुढे करायचं आणि वाद्याच्या साथीवर गोष्ट गायची. चामड्याच्या बाहुल्यांचा सावल्यांचा खेळही त्यांचाच. ही कला जपणाऱ्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. १९७४ ची 'एक अनेक और एकता' ही विजया मुळे यांची फिल्म तर जेमतेम सात मिनिटांची, पण दूरदर्शनवर वाढलेल्या पिढीला अजून पाठ आहे. छोटं, पुरं आणि आपल्या आवाजातलं काम किती टिकतं ते बघा.

आवाजावरून आठवलं. विद्यार्थ्यांच्या फिल्मांना बहुतेक वेळा इंटरनेटवरचं आयतं इंग्रजी पार्श्वसंगीत असतं. चित्र गोव्याचं आणि कान कुठला तरी तिसराच. भाच्याने खोवण्याचा आवाज घरातलाच घेतला. कौलांवरचा पाऊस घेतला. बाहेरून जाणाऱ्या पदेराचा भोंगा घेतला. संवाद एकच, तोही शेजारीण बाहेरून हाक मारते तो. फिल्म बघणाऱ्या शेजाऱ्यांनी चित्राआधी पदेर ओळखला!

तेव्हा माझ्या मागण्या थोडक्यात. पहिली फिल्म दीड मिनिटापलीकडे जाऊ देऊ नये. चित्रांचा हिशेब पहिल्या दिवशी फळ्यावर मांडावा. कच्चा आराखडा तीन परक्या माणसांना कळल्याशिवाय संगणकाला हात लावू नये. आवाज स्वतः टिपावा. आणि पूर्ण झालेली फिल्म परीक्षकांच्या खोलीत न ठेवता गावात दाखवावी. २००४ पासून दरवर्षी इफ्फीसाठी जग पणजीत येतं, त्याचा अभिमान आहेच. पण चवथीच्या मांडवात, जत्रेच्या नाटकाआधी, वाचनालयाच्या सभागृहात दहा मिनिटं आपल्या पोरांच्या फिल्मांना द्यायला कुणाची परवानगी लागणार नाही.

आम्ही दिली. आमच्या वाड्यावरच्या सार्वजनिक गणपतीच्या मांडवात, आरतीनंतर, एका पांढऱ्या चादरीवर ती ऐंशी सेकंद दाखवली. शेवटी आजी न बघता खोबरं ठेवते तिथे बायका मोठ्याने हसल्या. मागून कुणीतरी विचारलं, "मांजराचं नाव काय?" रेंडर किती वेळ चालला ते कुणी विचारलं नाही. फिल्ममध्ये दोष आहेत, मांजराची शेपटी मध्येच आदोळीतून आरपार जाते, ते भाचा स्वतःच सगळ्यांना दाखवतो. पुढची फिल्म दीड मिनिटाची करणार म्हणतो. विषय नरकासुराचाच आहे, रात्रभर जागून केलेल्या आपल्याच नरकासुराला आग लावताना हात मागे घेणाऱ्या एका पोराचा.

तारीख ठरली आहे. दिवाळीच्या आदली रात्र.